मुळांसकट

तेरड्याचं रोप विकत आणलं, असं सांगणारं माणूस मला कोकणात अजून भेटायचं आहे. मोगऱ्याची कुंडी आणतात, जास्वंदीची फांदी शेजारणीकडून मागून आणतात, गुलाबासाठी नर्सरीवाल्याशी घासाघीस करतात. तेरडा मात्र असतोच. जूनमधले पहिले दोन-चार पाऊस पडून गेले की न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर, गडग्याखाली, उकिरड्याच्या कडेला, पायरीच्या फटीत त्याची जाडसर पानांची इवली रोपं डोकं वर काढतात. पेरणारं कोणी नसतं, पाणी घालणारं कोणी नसतं. परस बेणताना बाकी सगळं उपटणारी बाई तेवढी रोपं सोडून पुढे सरकते. "राहू दे, गौरीला होईल," एवढंच त्याचं आरक्षण.

वाढ झपाट्याची. श्रावण लागेपर्यंत हात-दीड हात उंची सहज. खोड जवळून पाहावं: हिरवट, कधी तांबूस झाक असलेलं, सांध्यांशी फुगीर आणि इतकं पाणीदार की उजेडात धरलं तर आतलं दिसतं. लाकूड म्हणून त्यात काही नाहीच. झाड उभं राहतं ते अंगातल्या पाण्याच्या जोरावर. भाद्रपदात पावसाने दोन दिवस दडी मारली आणि ऊन तापलं की भर दुपारी सगळी रांग माना टाकते, आणि संध्याकाळी एक सर येऊन गेली की थोड्याच वेळात झालं गेलं विसरून ताठ. या आरपार दिसणाऱ्या खोडामुळेच शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात तेरड्याची वर्णी लागली. मुळांसकट रोप लाल रंगाच्या पाण्यात ठेवायचं, काही वेळाने खोडातून लाल रेघा वर चढताना दिसतात. पुस्तकात नाव मात्र 'बाल्सम'. आमच्या वर्गाच्या खिडकीखाली ते झाड ओळीने उभं असायचं आणि आत सर सांगत, बाल्सम मिळालं तर प्रयोग करू. मिळालं नाही.

फुलाकडे कोणी निरखून पाहत नाही, कारण ते फार असतं. जे मुबलक असतं त्याच्याकडे टक लावून बघायची आपल्याला सवय नाही. पण एक फूल तोडून तळहातावर घ्या. रानातला साधा तेरडा घ्या, गुलाबी, एकेरी. वरची एक पाकळी छत्रासारखी पुढे वाकलेली, खालच्या चार जोडीजोडीने चिकटून दोन पंख झालेल्या. मागे एक रंगीत, होडीच्या आकाराचं दल, आणि त्या दलाला शेपटीसारखी निमुळती, किंचित वळलेली नळी. मध या नळीच्या टोकाशी. म्हणजे ज्याची सोंड लांब त्याचं जेवण नीट होणार. तेरड्यावर मधमाश्या येतात तशी फुलपाखरंही येतात. गंमत म्हणजे आपण ज्या बाजूला खालची म्हणतो ती मुळात वरची. कळी वाढताना देठाला पीळ पडतो आणि अख्खं फूल उलटं होऊन उमलतं. आत डोकावलं तर पाच पुंकेसर एकमेकांना चिकटून स्त्रीकेसरावर घट्ट टोपी घालून बसलेले दिसतात. जोवर टोपी आहे तोवर फूल फक्त पराग देतं. मग टोपी गळून पडते, आतला स्त्रीकेसर उघडा होतो, आणि आता तेच फूल पराग घेतं. स्वतःचे पराग स्वतःला लागू नयेत याची एवढी चोख व्यवस्था मी दुसऱ्या कुठल्या परसातल्या फुलात पाहिलेली नाही.

आणि मग ते बोंड. लवदार, दोन्ही टोकांना निमुळतं, मधे फुगलेलं. पिकलं की त्याला नुसतं बोट लागायचा अवकाश, पाच फाका क्षणात आतल्या बाजूला गुंडाळतात आणि बिया चार-सहा फुटांवर उडतात. फाकांच्या भिंतीत पाण्याचा दाब साठून राहिलेला असतो आणि जोडावरची शिवण उसवली की तो सगळा एकदम मोकळा होतो. तेरड्याच्या भाऊबंदांवर वेगवान कॅमेरे लावून शास्त्रज्ञांनी हे मोजलं आहे. सारा प्रकार सेकंदाच्या काही हजाराव्या भागांत आटोपतो. आम्ही मुलं ते बोंड दुसऱ्याच्या मुठीत ठेवून मूठ मिटायला सांगायचो. आत काहीतरी जिवंत वळवळल्याचा भास होतो आणि मूठ उघडली जाते. शहरातून आलेल्या चुलतभावंडांवर हा प्रयोग हमखास लागू पडे. ती किंचाळून बिया अंगणभर उधळत आणि पुढच्या जूनची सोय होऊन जाई.

एवढं सगळं असून मराठीने तेरड्याची बोळवण एका ओळीत केली आहे. तेरड्याचा रंग तीन दिवस. नव्या सुनेची कामाची हौस, नव्या मंत्र्याचे दौरे, जानेवारीत पहाटे फिरायला निघालेला मेहुणा, सगळ्यांना ही म्हण लागू. म्हण करणाऱ्याने फूल पाहिलं होतं हे खरं. एक फूल दोन-तीन दिवसांवर टिकत नाही, पाकळ्या पातळ, मोडल्या की लगेच पाणी सुटतं. पण त्याने झाड पाहिलं नव्हतं. फुलं पानांच्या बगलेतून येतात, खालून वर, एकेका पेरावर. खालची झडून बोंडं धरत असतात तेव्हा वरची उमलत असतात आणि शेंड्याशी कळ्या तयारच असतात. श्रावणापासून पाऊस सरेपर्यंत हा क्रम चालू असतो. ज्याला तीन दिवसांत रंग उडालेला दिसला तो बहुधा फूल तोडून घरी घेऊन गेला असावा.

कारण तोडलेल्या तेरड्याचं काहीही करता येत नाही. वास नाही, म्हणून गजरा नाही. देठ आखूड आणि फूल खोडाला बिलगलेलं, म्हणून फुलदाणीत ठेवायची सोय नाही. ओवायला घ्यावं तर सुई लागताच पाकळ्या सुटतात आणि बोटं चिकट होतात. वहीत दाबून ठेवावं तर कागदावर एक जांभळट डाग उरतो. मोगरा केसांत शोभतो, झेंडू तोरणात, शेवंती वेणीत. तेरडा जिथे उगवला तिथेच शोभतो. हवाच असेल तर अख्खा न्यावा लागतो. मला वाटतं, आमच्याकडच्या बायकांना हे फार पूर्वी कळलं आणि त्यांनी त्याची देवी केली.

भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर गौर येते, ज्येष्ठा नक्षत्रावर तिची पूजा, मूळ नक्षत्रावर ती जाते. देशावर मुखवट्यांच्या ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या राहतात, कोकणस्थांकडे पाणवठ्यावरून मुक्याने आणलेले खडे पुजतात. रायगड-ठाण्याच्या पट्ट्यात आगरी, कोळी, कायस्थ प्रभू अशा कितीतरी घरांत गौर म्हणजे तेरड्याची रोपं, मुळांसकट. मुळं ही तिची पावलं. ती धुतात, त्यांना हळद-कुंकू लावतात. जुडी बांधून तिला साडी नेसवतात, वर मुखवटा किंवा कागदावर छापलेला चेहरा, गळ्यात घरातलं सोनं. पण खाली, साडीच्या निऱ्यांच्या आत, मुळं तशीच असतात.

आमच्याकडे गौर आणायचा मान आत्याचा. तिला सगळे माई म्हणायचे. माई सकाळीच परसात फिरून रोपं हेरून ठेवायची. सरळ वाढलेलं, शेंड्याला कळ्या असलेलं, आणि मुख्य म्हणजे मोकळ्या मातीतलं; दगडाच्या सांदीतलं घेतलं तर मूळ तुटतं. ती हिसका कधी देत नसे. आधी तांब्याने पाणी ओतायची, माती मऊ होऊ द्यायची, मग खोडाच्या अगदी बुडाशी धरून हलकेच वर. तेरड्याची मुळं उथळ असतात, नीट मागितलं तर झाड अलगद हातात येतं. विहिरीवर मुळं खळखळून धुवायची. माती गेली की ती पांढरट-गुलाबी, ओली, बोटांइतकी नाजूक दिसत. मग जुडी छातीशी धरून माई निघायची. वाटेत कोणाशी बोलायची नाही. रांगोळीच्या पावलांवरून दारात आली की घरातली एकजण विचारणार, काय आणलंस, आणि माई धनधान्याची, गुराढोरांची, लेकराबाळांची नावं घेणार. मग गौरीला सगळं घर हिंडवून दाखवायचं. स्वयंपाकघर, भाताची कणगी, अगदी गोठासुद्धा. माहेरी आलेल्या लेकीला कुठे काय बदललं ते दाखवतात, तसंच.

एकदा मी माईला विचारलं होतं, शेजारच्या काकूंसारखे पितळी मुखवटे आपल्याकडे का नाहीत. दिसायला छान असतात, दरवर्षी तेच वापरता येतात. माई भाकरी थापत होती. पहिल्या दिवशी गौरीला भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो. म्हणाली, "त्यांची गौर वर्षभर पेटीत असते गं. आपली रानात असते. भाद्रपदात येते."

दुसऱ्या दिवशी थाट. नव्या सुनांचा ओवसा, सुपं, पोरीबाळींच्या फुगड्या. या पट्ट्यातल्या अनेक घरांत या दिवशी गौरीला तिखटाचा नैवेद्य लागतो, मटण, मासे, चिंबोऱ्या, आणि तेव्हा शेजारी बसलेल्या गणपतीच्या पुढे पडदा ओढतात. लेक माहेरी येऊन वरणभातावर राहील कशी? मला या सगळ्या उत्सवात हा पडदा सर्वांत आवडतो. आईच्या आवडीचं आईला, मुलाला ते दिसू नये एवढी काळजी, आणि कोणाच्याच भावना दुखावत नाहीत.

तिसऱ्या दिवशी गौर जाते. तोवर साडीच्या आत पानं मलूल झालेली असतात. नदीवर जुडी सोडायची आणि येताना काठावरची मूठभर वाळू घरी आणून कोपऱ्याकोपऱ्यात, झाडांच्या बुडाशी टाकायची. म्हणीतले तीन दिवस आणि गौरीचे तीन दिवस एकच असावेत असा माझा जुना संशय आहे, पण त्याला पुरावा नाही. एक गोष्ट मात्र डोळ्यांनी पाहिलेली. भाद्रपदापर्यंत झाडाच्या खालच्या पेरांवरची बोंडं तयार झालेली असतात. परसातून विहिरीवर, विहिरीवरून घरात, घरातून नदीवर एवढ्या हाताळणीत ती तडातड फुटत जात. पुढच्या पावसाळ्यात माईच्या दारापासून नदीच्या उतारापर्यंतची वाट दोन्ही बाजूंनी तेरड्याने आखलेली दिसे. देवीच्या मिरवणुकीत पेरणीही होऊन जायची.

आता मुंबईत गौरीच्या आदल्या दिवशी दादर स्टेशनबाहेर पाहावं. कसारा, कर्जत, पालघरकडच्या ठाकर, कातकरी, वारली बायका पहाटेच्या लोकलने येऊन फुटपाथवर बसलेल्या असतात. पुढ्यात हळदीची पानं, आघाडा, दुर्वा, लाल-पिवळ्या ज्वाळांची कळलावी, आणि ओल्या गोणपाटाखाली तेरड्याच्या जुड्या. एका वर्षी माझ्यापुढे एक तरुण मुलगी उभी होती, ऑफिसच्या पोशाखात. तिने जुडी घेतली आणि म्हणाली, मावशी, खालची मुळं कापून द्या ना, लोकलमध्ये चिखल होतो. मावशीने कोयता उचललासुद्धा नाही. म्हणाली, "मुळं तोडायची नसतात ताई. पाय हायेत तिचे." आणि गोणपाटाचा एक तुकडा फाडून मुळांभोवती गुंडाळून दिला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

केरळातही तो याच हंगामात सणाला लागतो. ओणमच्या फुलांच्या रांगोळीत तिथला तेरडा, काशीतुंबा, असतो. तिथे मात्र फक्त पाकळ्या घेतात. रांगोळी एका दिवसाची असते, तिला तेवढं टिकणं पुरतं.

टिकण्याच्या बाबतीत तेरड्याने माळ्यांपेक्षा शास्त्रज्ञांना जास्त छळलं. जोसेफ हूकर हे नाव भारतीय वनस्पतिशास्त्रात फार मोठं. १८४८ पासून काही वर्षं हिमालयात हिंडलेला, इंग्लंडच्या क्यू उद्यानाचा संचालक राहिलेला, 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया' हा सात खंडांचा ग्रंथ पार पाडलेला माणूस. १८९७ मध्ये ते काम संपलं तेव्हा तो ऐंशीचा झाला होता. कोणीही म्हटलं असतं, आता आराम करा. त्याने तेरड्याचं कुळ हाती घेतलं. जगात या कुळाच्या हजारावर जाती, भारतातच दोनशेच्या वर, आणि क्यूमध्ये त्यांचे वाळवून चिकटवलेले नमुने. पण तेरड्याचं फूल वाळवलं की त्याचा पापुद्रा होतो. छत्र कुठलं, पंख कुठला, नळी किती लांब, काही कळत नाही. हूकर ते पापुद्रे भिजवून, सुईने एकेक दल सोडवून, त्यांची चित्रं काढत बसायचा. १९११ मध्ये चौऱ्याण्णवाव्या वर्षी तो गेला, तोवर तेरडा संपला नव्हता. माझ्या मनात येतं, आमच्या परसातली पाच मिनिटं त्याला मिळायला हवी होती.

सह्याद्रीत त्याला हवं ते सगळं होतं. ओल्या काळ्या कातळाला चिकटून, जवळजवळ खोडाशिवाय वाढणारा छोटा तेरडा आहे. पिवळा तेरडा आहे, उत्तर सह्याद्रीखेरीज कुठेही न सापडणारा. त्याच्या शास्त्रीय नावात मुंबई इलाख्याच्या जंगल खात्यातल्या डालझेलचं नाव आहे. आणि कास पठारावर पावसाळ्याच्या शेवटी जी गुलाबी चादर पसरते, जिच्यासाठी लोक तिकीट काढून, वाहनांच्या रांगेत ताटकळून जातात, तीही तेरड्याच्याच एका जातीची. वीतभर उंचीची, पण कोट्यवधी. सह्याद्रीतल्या ज्या जागांना युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हटलं त्यांत कास आहे. तिथे उभं राहून मोबाइल उंच धरणाऱ्या गर्दीत कित्येकांच्या गावच्या घरामागे याच फुलाचा भाऊ शेणाच्या ढिगाऱ्याजवळ उभा असतो. तिथे त्याचा फोटो कोणी काढत नाही. मी तरी कुठे काढला आहे?

परसातला तेरडा मात्र जगभर फिरून आला. युरोपात तो सोळाव्या शतकात पोचलेला होता. तिथे माळ्यांनी त्याला दुहेरी-तिहेरी पाकळ्यांचा केला, पांढरा, किरमिजी, जांभळा, ठिपक्यांचा. थॉमस जेफर्सनने अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधी, १७६७ मध्ये, आपल्या बागेच्या वहीत दुहेरी तेरडा लावल्याची नोंद केली आहे. हाच भरगच्च तेरडा पुढे बियांच्या पाकिटातून आपल्याकडे परत आला आणि शहरातल्या कुंड्यांत बसला. मला तो आवडत नाही. पाकळ्यांच्या गर्दीत छत्र नाहीसं होतं, पंख नाहीसे होतात, नळी शोधावी लागते. फुलाचा चेहराच जातो. माई त्याला 'फुगलेला' म्हणायची आणि गौरीला घ्यायची नाही.

चीन, कोरिया, जपानमध्ये तो गेला आणि तिथे बायकांच्या नखांवर बसला. आपल्याकडे उत्तरेत त्याला गुलमेंदी म्हणतात ते उगाच नाही. मेंदीच्या पानांत जे रंगद्रव्य असतं तेच तेरड्यातही असतं. कोरियात उन्हाळ्याच्या शेवटी मुली तेरड्याच्या पाकळ्या आणि पानं तुरटीबरोबर ठेचून नखांवर लिंपतात, वरून पान गुंडाळून दोऱ्याने बांधतात आणि रात्रभर तसंच झोपतात. सकाळी नखं शेंदरी. हा रंग धुतला जात नाही. नख वाढेल तसा पुढे सरकतो आणि कापला जातो. पहिला बर्फ पडेपर्यंत नखाच्या टोकावर रंग उरला तर पहिलं प्रेम सफळ होतं, असा तिथला समज. म्हणजे महिनोन्‌महिने. आपल्या म्हणीने ज्याला तीन दिवस दिले त्याच्या रंगावर तिकडच्या मुली आयुष्याचा कौल लावतात. १९२० मध्ये होंग नान-पा या संगीतकाराने बांधलेल्या एका चालीवर तेरड्याचं गाणं झालं, आणि जपानी अमलातल्या कोरियाचं दुःख त्या गाण्याला कायमचं चिकटलं. कुंपणाखालचं गरीब फूल त्यांनाही आपलं वाटलं, हे मला विशेष वाटतं. आम्ही मुलीही तेरड्याच्या पाकळ्या नखांवर लावायचो, पण नुसत्या थुंकी लावून चिकटवलेल्या, लांब नखांची ऐट म्हणून. ठेचून बांधायचं आम्हाला कोणी शिकवलं नाही.

मुळांसकट उपटण्याची गोष्ट मात्र सगळ्यांत विचित्र वळण घेते ती ब्रिटनमध्ये. तेरड्याचा एक हिमालयी भाऊ, माणसाहून उंच वाढणारा, गुलाबी फुलांचा, १८३९ मध्ये शोभेसाठी तिकडे नेला. सुरुवातीला कौतुक झालं. पण बोंडं फुटायची ती फुटलीच. बिया ओढ्यांत पडल्या, ओढ्यांतून नद्यांत गेल्या, आणि आज तिथल्या नद्यांचे काठच्या काठ त्याने व्यापले आहेत. त्याच्या सावलीत दुसरं काही उगवत नाही, आणि हिवाळ्यात तो स्वतः मरून जातो तेव्हा उघडा पडलेला काठ पुराबरोबर ढासळतो. म्हणून दर उन्हाळ्यात, बी धरण्याच्या आत, गावोगावचे लोक बूट घालून ओढ्याकाठी जमतात आणि झाडं उपटतात. तेरड्याची मुळं तिथेही उथळच, त्यामुळे झाड अलगद हातात येतं. मुळं तुटू द्यायची नाहीत, असं तिथेही बजावतात. बुडखा राहिला तर पुन्हा फुटतो. एवढ्याने भागेना म्हणून २०१४ पासून त्यावर तांबेरा पाडणारी एक बुरशी सोडली आहे, आणि ती बुरशी हिमालयाच्या पायथ्याशी त्याच्या माहेरीच शोधून नेलेली. माहेरच्या रोगावाचून ही लेक आवरत नाही, असं म्हणायचं.

त्यात तिकडच्या लोकांचं चुकतं असं नाही. नदीकाठ त्यांचा आहे. पण बायकांनी नदीकाठी वाकून, बुडाशी धरून, मूळ न मोडता तेरडा उपटायचा, हे दृश्य मला इतकं ओळखीचं आहे की त्याचे फोटो पाहताना पुढे हळद-कुंकू येईल असं वाटत राहतं.

मुंबईत आमच्या सोसायटीत दर जुलैला तेरड्यावरून वाद होतो. कुंपणाच्या कडेला तो आपोआप येतो. कमिटीच्या मते ते रान आहे, तिथे मोसमी फुलांची रंगीत पट्टी हवी. माळी जौनपूरकडचा. त्याच्या लेखी ती गुलमेंदी आहे, गावाकडे त्याच्या बहिणी ती नखांना लावत, त्यामुळे तो हो हो म्हणतो आणि उपटत नाही. भाद्रपद आला की कमिटीतल्याच दोघीतिघी खाली उतरतात आणि हळूच विचारतात, गौरीपुरतं मिळेल का? तो पाणी ओतून, माती मऊ करून, मुळांसकट काढून देतो. हे त्याला कोणी शिकवलं ते मी विचारलं नाही. शेवटी तडजोड झाली: पंपाच्या खोलीमागची चिंचोळी जागा तेरड्याची, बाकी कुंपण कमिटीचं. यंदा तिथे एक पांढरा, एकेरी उगवला आहे. माळ्याने त्याच्या बोंडांना जुन्या ओढणीची पुरचुंडी बांधून ठेवली आहे. नाहीतर बी उडून शेजारच्या सोसायटीत जायचं, म्हणतो, आणि तिथे सगळ्या आवारात फरशी आहे.